आईच्या माहेरची चौकशी

तारकर्ली, ४ नोव्हेंबर २०२३

श्रीमती मिल्काबाई अष्टमकर यांस,
विमला चिंदरकरचा तारकर्लीहून नमस्कार.

फोनवर आपलं जमत नाही हे लग्नाची बोलणी चालली होती तेव्हाच दोघींना कळलं. तुम्हाला एका कानाने कमी ऐकू येतं आणि मला दोन्ही कानांनी जास्त, असं आमचे हे म्हणतात. शिवाय तुमच्याकडचा फोन रूबेनराव उचलतात, आणि मला जे विचारायचं आहे ते जावयाला विचारण्यासारखं नाही. म्हणून पत्र. जन्मभर प्राथमिक शाळेत फळ्यावर लिहिलंय, अक्षर लागेल.

गौरजाला सातवा लागला. पहिलं बाळंतपण माहेरी, ही आमच्याकडची रीत. तुम्ही म्हणता ठाण्यातच करू, इथे मोठी हॉस्पिटलं आहेत. त्याचं नंतर बघू. माझी काळजी त्याच्या पुढची आहे. मुलगा झाला तर आठव्या दिवशी तुम्ही त्याची सुंता करणार. गौरजाने लग्नाआधी तुमचा ज्यू धर्म घेतला तेव्हाच हे ओघाने आलं होतं, मी काही डोळे मिटून बसले नव्हते. पण तेव्हा तिच्या पोटात पोर नव्हतं. आता डोळ्यांसमोर आठ दिवसांचा जीव येतो.

गेल्या आठवड्यात मोबाईलवर वाचलं की परदेशात काही ज्यू मंडळींत सुंता करणारा माणूस कापून झाल्यावर जखमेला तोंड लावून रक्त ओढतो. त्याच्या तोंडातला रोग बाळांना लागला, त्यातली काही दगावली. सोलं, म्हणजे आमसुलं, उन्हाला घालत होते, ती तशीच टाकून मी आत आले. आता सरळ सांगा, तुमचा माणूस असं करतो का? तो डॉक्टर आहे का? वय काय? हात थरथरतो का? हत्यार कुठे उकळतो? मी हे गौरजाला विचारलं तर ती म्हणाली, आई, सासूबाईंना विचार. माझी लेक मला कधी कुणाकडे पाठवत नाही, म्हणून मनात पाल चुकचुकली.

सोलं आणि नारळ ओळखीच्या गाडीबरोबर पाठवले आहेत. नारळ ओले आहेत, लगेच सोलू नका.

विमला दत्तप्रसाद चिंदरकर


ठाणे, १३ नोव्हेंबर २०२३

विहीणबाईंना शालोम, आणि दिवाळीच्या शुभेच्छा.

नारळ मिळाले, सोलंही. सोलांपेक्षा तुमचं पत्र आंबट होतं, पण प्रश्न रास्त आहेत. आजीने नाही विचारायचं तर कुणी?

सुंता करणाऱ्याला आम्ही मोहेल म्हणतो. आमच्या मोहेलचं नाव सिमसन झिराडकर. डॉक्टर नाहीत. विमा कंपनीत होते, आता निवृत्त आहेत. विद्या वडिलांकडून आली, पण नंतर एका सर्जनच्या हाताखाली राहून पक्की केली. चष्मा पेपर वाचायला लागतो. हात थरथरत नाही, मी स्वतः त्यांना चहाचा कप देऊन पाहिलं आहे. हत्यारं हॉस्पिटलातून निर्जंतुक होऊन बंद पाकिटात येतात आणि ती पाकिटं बाळासमोरच फोडली जातात. ते जखमेला तोंड लावत नाहीत. तुम्ही वाचलंत ते परदेशात काही ठिकाणी चालतं हे खरं, बाळं दगावली हेही खरं, आणि मला त्याची लाज वाटते. आमच्या बेने इस्राएलांत, म्हणजे आम्हा कोकणातल्या ज्यूंत, मी ते पाहिलेलं नाही. बाळाला कावीळ असली, वजन कमी असलं, तर आठवा दिवस पुढे जातो. ही सवलत आम्हाला डॉक्टरांनी दिलेली नाही, आमच्या धर्माचाच तो नियम आहे.

आमच्या माणसांना कोकणात शनवार तेली म्हणायचे. शनिवारी घाणा बंद ठेवणारे. शेकडो वर्षं आम्ही तुमच्याच किनाऱ्यावर तेल गाळलं आहे, कालपरवा चाकू घेऊन उतरलेलो नाही. आमच्या घरात सुंतेने कुणाला कधी त्रास झाला नाही, हे मी खात्रीने सांगते.

आता माझा एक प्रश्न. सिमसनभाई कुठलंही बाळ हातात घेण्याआधी हे विचारतात: आईच्या बाजूला कुणा मुलाचं रक्त वाहायला लागलं की थांबत नाही, असं कधी झालं आहे का? तर गौरजाच्या माहेरी असं कुणी होतं का, एवढं कळवा.

मिल्का अष्टमकर


तारकर्ली, २२ नोव्हेंबर २०२३

विहीणबाई,

तुमच्या प्रश्नाचं उत्तर आधी, म्हणजे टाळलं असं व्हायला नको. गौरजाच्या माहेरी असं कुणी नाही. मी यांना विचारलं, यांच्या थोरल्या काकांना फोन करून विचारलं. चिंदरकरांच्या घरात कुणाचं रक्त थांबलं नाही असं कधी ऐकिवात नाही. आमचा यज्ञेश, गौरजाचा भाऊ, लहानपणी माडावरून पडला, गुडघा फुटला, हळद दाबून धरली आणि संध्याकाळी परत खेळायला गेला.

आता माझी पाळी. तुम्ही खात्रीने लिहिलंत की तुमच्या घरात सुंतेने कुणाला त्रास झाला नाही. परवा गौरजा फोनवर सहज बोलून गेली की रूबेनराव तान्हे असताना हॉस्पिटलात होते. कशासाठी, विचारलं तर विषय बदलला. मग मी सोडते होय? सुंतेची जखम चिघळली होती, असं शेवटी तिने कबूल केलं. विहीणबाई, ताकाला जाऊन भांडं लपवलंत. आता तुमच्या त्या बंद पाकिटांवर मी किती विश्वास ठेवायचा?

आणि मला आणखी एक दिसतं. लग्नाआधी तुम्ही आमच्या घराची एवढी चौकशी केली नाहीत. आता पोर पोटात असताना रक्त कसं, थांबतं का, हे कशाला हवं? उद्या काही बिघडलं की 'तुमच्याच रक्तात खोट होती' म्हणायला आत्तापासून जागा करून ठेवताय, असं मला वाटलं. वाटलं ते लिहिलं.

यज्ञेशला गौरजाला आणायला पाठवते आहे. ओटी भरायची आहे, ती काही तुमच्या ठाण्यात भरता येत नाही.

विमला


ठाणे, ३० नोव्हेंबर २०२३

विहीणबाई,

लपवलं. रूबेनच्या वेळी जो मोहेल होता त्याची नजर गेलेली होती आणि तो हत्यार धोतराच्या सोग्याला पुसायचा. वडीलधारी मंडळी म्हणाली, इतक्या पिढ्यांची सुंता त्यानेच केली आहे. मी वीस वर्षांची सून, बोलले नाही. जखमेत पू झाला, ताप चढला, माझं दूध आटलं. तुम्हाला हे लिहिलं असतं तर तुम्ही गौरजाला तिथूनच परत नेलं असतंत, म्हणून लिहिलं नाही. पण मी सिमसनभाईंना चहाचा कप का दिला होता ते आता तुम्हाला कळेल. तुमच्यापेक्षा मला त्या चाकूची भीती जास्त आहे, तो काय करतो ते मी पाहिलं आहे.

गौरजा यज्ञेशबरोबर पोचली असेल. तिच्या गोळ्या निळ्या पिशवीत आहेत. परतीचं तिकीट बारा तारखेचं आहे.

तुमचं उत्तर मी सिमसनभाईंना वाचून दाखवलं. ते म्हणाले, चिंदरकर म्हणजे मुलीच्या वडिलांकडचे. मला मुलीच्या आईकडचे हवेत. बाळाला हे त्याच्या आईकडून मिळतं, आणि आईला बहुधा तिच्या आईकडून. मीच नीट विचारलं नव्हतं, माझी चूक. तर तुमचे भाऊ, तुमच्या बहिणींचे मुलगे, तुमचे मामा, यांत कुणी आहे का ते लिहा. तुम्ही याला चौकशी म्हणा. सगळ्यांनाच विचारतात, फक्त तुम्हाला नाही.

मिल्का


तारकर्ली, ११ डिसेंबर २०२३

विहीणबाई,

गौरजा उद्याच्या गाडीने येणार नाही. तिचे पाय सुजले आहेत. तिकीट यज्ञेशने रद्द केलं. सुजलेले पाय हे निम्मं कारण आहे, उरलेलं निम्मं तुम्ही ओळखालच.

माझ्या माहेरची काय चौकशी करता? देवबागला खाडी आणि समुद्राच्या मधल्या पट्टीवर आमचं घर होतं, ते लाटांनी नेलं त्याला वर्षं झाली. आईवडील गेले. एक थोरली बहीण आहे सावित्री, ती वैभववाडीकडे घाटाखालच्या गावात दिली. तिची काजूची बाग आहे. त्या माणसांचा गौरजाच्या मुलाशी संबंध काय? आमच्यात मुलगी दिली की तिचं कुळ बदलतं, देव बदलतो. मी चिंदरकर झाले, गौरजा चिंदरकरांची लेक. माझ्या बापाच्या घरचं तिच्यात काय उरणार?

पण तुम्ही माहेराचा विषय काढलाच आहे, तर ऐका. डॉक्टर नसलेल्या हातावर माझा विश्वास का नाही ते सांगते. मला एक भाऊ होता, बाबू. माझ्याहून थोडा मोठा. मालवणच्या बाजारात गुरुदास नावाचा एकजण ताडपत्रीखाली खुर्ची टाकून बसायचा, दात काढायचा. बाबूची दाढ किडली म्हणून बाबांनी त्याच्याकडे नेलं. त्याने दाढ काढली आणि रक्त वाहायला लागलं ते वाहतच राहिलं. तुरटी लावली, कात लावला, आईने लुगडं फाडून बोळे केले. तिसऱ्या दिवशी बाबू गेला. सगळ्या वाडीने जाऊन त्या गुरुदासाची खुर्ची मोडली, हत्यारं खाडीत टाकली. तो मालवण सोडून गेला तो परत कुणाला दिसला नाही. आई मरेपर्यंत त्याला शिव्या घालत होती, आणि शिव्या आम्हा मुलींनाही पाठ झाल्या.

दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. माझ्या नातवाला मी असल्या हातात देणार नाही. विमा कंपनीतल्या माणसाने विमे उतरवावेत.

विमला


ठाणे, १८ डिसेंबर २०२३

विमलाबाई,

पत्र आज सकाळी आलं. वाचून मी तुम्हाला फोन केला, तुम्ही उचलला नाहीत. गौरजाला केला, ती म्हणाली आई तुमच्याशी बोलायचं नाही म्हणते. म्हणून हे स्पीडपोस्टने पाठवते आहे. निदान हे फाडू नका.

दात काढल्यावर तीन दिवस रक्त थांबत नाही, हा हाताचा दोष नसतो. कितीही वाईट हात असला तरी चांगलं रक्त गोठतं. तुमच्या भावाच्या रक्तातच काहीतरी कमी होतं. तो गुरुदास कसा होता मला माहीत नाही, पण चोर सोडून संन्याशाला फाशी झाली असं मला वाटतं.

आमच्या फार जुन्या कायद्यात एक नियम आहे. एका बाईचे दोन मुलगे सुंतेनंतर रक्त जाऊन गेले, तर तिसऱ्याची करायची नाही. आणि एका बहिणीचा मुलगा गेला, दुसरीचा गेला, तर पुढच्या बहिणीच्या मुलाचीही करायची नाही. त्या काळी कुणाकडे सूक्ष्मदर्शक नव्हता. पण बायकांना दिसत होतं की हे बहिणीबहिणींतून येतं. तुम्ही म्हणता मुलगी दिली की कुळ बदलतं. आडनाव बदलतं, विमलाबाई. रक्त तिच्याबरोबर जातं.

तुमच्या सावित्रीताईंना मुलगे आहेत का? त्यांना विचारा. आणि गौरजाची तपासणी करा. मुलगा असेल आणि त्याला हे असेल, तर बाळंतपणातसुद्धा जपावं लागेल. लहान दवाखान्यात चालणार नाही.

माझा यात डाव वाटत असेल तर सांगते, सुंता करायची नाही म्हणायला मी तयार आहे. आज, या पत्रात, सही करून. पण तपासणी करा. एक क्षण माझ्याही मनात आलं की तुम्हाला हे सगळं ठाऊक होतं आणि मुद्दाम झाकलंत. तेही लिहून टाकते, म्हणजे दोघींच्या मनातलं सारखंच बाहेर आलं.

मिल्का


तारकर्ली, ५ जानेवारी २०२४

विहीणबाई,

तुमचं पत्र वाचून मला पहिल्यांदा वाटलं, बाई हुशार आहे. सुंता नको म्हणते म्हणजे गळाला आमिष लावते. मुलगी ठाण्याला गेली की सगळं ठरल्याप्रमाणे करतील. म्हणून मी सावित्रीकडे गेले, ते तिच्या तोंडून 'आमच्याकडे असलं काही नाही' असं घेऊन यायला आणि तुमच्यासमोर आपटायला.

सावित्रीचा एकच मुलगा, सिद्धेश. बत्तीस वर्षांचा आहे. लहानपणापासून त्याचे गुडघे सुजतात, एक पाय ओढत चालतो. सावित्री संधिवात म्हणते, आम्हीही संधिवात म्हणतो. मी गेले तेव्हा तो काजूच्या बागेत बसला होता, गुडघ्याला फडकं बांधून. सावित्री आत चहा टाकत होती. मी त्याला आडून आडून विचारायला सुरुवात केली, लहानपणी दात पडले तेव्हा काय झालं, लागलं तर काय होतं. आधी त्याने इकडेतिकडे पाहिलं. मग म्हणाला, दोन दोन दिवस उशी लाल व्हायची, आई शेजाऱ्यांनासुद्धा सांगू द्यायची नाही. दाढी केलेली चालत नाही, म्हणून तो दाढी ठेवतो. मी त्याला इतकी वर्षं गमतीने साधूबाबा म्हणत आले.

मी विचारलं, बाळा, मला कधी बोलला नाहीस? तर म्हणाला, "मावशे, बत्तीस वर्सांत माका ह्या कोणी विचारूकच नाय."

तेवढ्यात सावित्री बाहेर आली. चहा खाली ठेवला आणि माझ्यावर घसरली. "गप रव, विमल. कोणी आयकला तर ह्येका चेडू कोण देयत?" तिला त्याच्या लग्नाची काळजी. मी म्हटलं, अगो, बाबूचं असंच झालं होतं. त्यावर ती म्हणाली, "बाबूचो आणि ह्येचो काय संबंध? बाबू आमच्या बापाशीच्या घरचो. हो माझ्या घोवाच्या घरचो."

विहीणबाई, भाऊ बापाच्या घरचा, मुलगा नवऱ्याच्या घरचा, हेच मी तुम्हाला लिहिलं होतं. शब्दसुद्धा जवळजवळ तेच. दुसऱ्याच्या तोंडून ऐकलं तेव्हा मला ते किती खुळं आहे ते कळलं. मी चहा प्यायले नाही.

सिद्धेश स्वतःच तपासून घ्यायला तयार झाला, मग त्याला आणि गौरजाला घेऊन आम्ही कोल्हापूरला गेलो. सिद्धेशला हिमोफिलिया निघाला, रक्त गोठवणारी एक गोष्ट त्याच्यात फार कमी आहे. डॉक्टर म्हणाले, याची इंजेक्शनं मिळतात, एवढा उशीर का केला? माझ्यात आणि गौरजात तो दोष आहे, आमचं आम्हाला काही होत नाही, पण गौरजाच्या मुलाला निम्मी शक्यता. मुलगा असेल तर.

डॉक्टरांनी मला घरातल्यांची सगळी माहिती विचारली, तेव्हा मी बाबूचं सांगितलं. गौरजा शेजारच्या खुर्चीत होती. तिला मामा होता हे तिने तिथे, परक्या डॉक्टरसमोर, पहिल्यांदा ऐकलं. बाहेर आल्यावर तिने मला विचारलं, "आई, तुका म्हायत होता मा?" मी नाही म्हटलं. मी वर्गात कॉपी करताना सापडलेल्या मुलाकडे बघायचे, तशी ती माझ्याकडे बघत होती. ज्या भावाचं नावसुद्धा लपवलं त्याचं दुखणं लपवलं नसेल कशावरून, असं तिचं म्हणणं. रूबेनराव घ्यायला आले, त्यांच्याबरोबर ती गेली. जाताना म्हणाली, बाळंतपणाला येऊ नको.

तिला तुम्ही काही शिकवलंत का? विचारताना मला लाज वाटते, पण विचारल्याशिवाय राहवत नाही. तुमच्या मनात माझ्याबद्दल आलं होतं ते तिच्याही मनात कसं आलं?

विमला


ठाणे, १ फेब्रुवारी २०२४

विमलाबाई,

रूबेनने कळवलंच असेल. मुलगा. चोवीस जानेवारीला सकाळी झाला. डॉक्टरांनी चिमटा वगैरे काही लावला नाही, सगळं जपून केलं. नाळेतलं रक्त तपासायला गेलं आणि जे नको होतं तेच आलं. त्याला आहे, आणि सिद्धेशसारखंच, तीव्र. बाळ छान आहे. दूध पितो, रडताना एक डोळा मिटतो. त्याला कसं धरायचं, टोचायचं असेल तर कुठे आणि किती वेळ दाबून धरायचं, हे आम्हाला हॉस्पिटलात शिकवलं.

काल आठवा दिवस होता. सुंता नाही हे मी आधीच कळवलं होतं, तरी माणसं आली. सिमसनभाई आले, रिकाम्या हाताने. सुंतेच्या वेळी मांडतात ती एलियाहू हन्नाबीची, म्हणजे आमच्या प्रेषिताची, खुर्ची आम्ही मांडली, बाळाला क्षणभर तिच्यावर ठेवलं, मग मलिदा केला. पोहे भिजवले, गूळ घातला, तुमचे नारळ संपले होते म्हणून बाजारचा खोवला. रूबेनचे काका म्हणाले, इंजेक्शन देऊन करता येते, परदेशात करतात, नाहीतर लोक पोराला अर्धवट म्हणतील. करता येते हे खरं आहे, डॉक्टरही म्हणाले पुढे कधीतरी विचार करता येईल. पण सिमसनभाई खुर्चीजवळ उभे राहिले आणि म्हणाले, याच्यासाठी कायदा आहे, आणि त्या कायद्याने हा पोरगा आत्ता, असाच, पुरता ज्यू आहे. कुणी अर्धवट म्हणालं तर माझ्याकडे पाठवा.

नंतर माझ्याजवळ बसून त्यांनी जे सांगितलं ते तुम्हाला सांगायलाच हवं. म्हणाले, "मी हा प्रश्न प्रत्येक घरात विचारतो. आजपर्यंत सगळ्यांनी 'नाही' म्हटलं. 'हो' म्हणणारं हे पहिलं घर. त्या सगळ्या 'नाहीं'तली किती खरी होती, याची मला आता भीती वाटते." त्यांनी मलिदा खाल्ला नाही.

गौरजाला मी काही शिकवलं नाही. उलट तुमचं डिसेंबरचं पत्र तिच्यापुढे ठेवलं, बाबूची हकीकत लिहिलेलं. म्हटलं, ज्याला झाकायचं असतं तो भांडणाच्या भरात असं उघडं टाकत नाही. तुझ्या आईने माझ्या मोहेलवर वार करायला हे लिहिलं आणि त्यातून तुझा मुलगा वाचला. तुम्हाला दुखणं ठाऊक नव्हतं हे तिला पटलं आहे. पण तिचा एक प्रश्न उरला आहे: आईने मला मामाबद्दल कधीच का सांगितलं नाही? मी म्हटलं, मी विचारते. ती म्हणाली, उत्तर मला द्यायला सांगा, तुम्हाला नको.

म्हणून पुढचं पत्र तिच्या नावाने येऊ दे. मी उघडणार नाही.

मिल्का


तारकर्ली, ६ फेब्रुवारी २०२४

चि. गौरजा,

तुझ्या सासूबाईंनी कळवलं की उत्तर तुला हवंय. मी तीन कागद फाडले, हा चौथा.

दर भाऊबीजेला मी गच्चीवर जाऊन चंद्राला ओवाळायचे. तू लहान असताना विचारायचीस, आई, चंद्राला का? मी म्हणायचे, मला भाऊ नाही ना. तिथेच विषय संपायचा. लग्न होऊन इथे आले तेव्हा तुझ्या आजीने पहिल्याच दिवशी बजावलं होतं, भरल्या घरात अकाली गेलेल्या पोराचं नाव काढायचं नाही. मला ते जड गेलं नाही, हेच मला आता सलतं. मुलगी माहेरचं सगळं तिथेच ठेवून येते, तसा मी बाबूलाही देवबागला ठेवून आले. तू चिंदरकरांची लेक आहेस असं मी तुला जन्मभर सांगितलं. तू बाबूची भाची आहेस हे एकदाही सांगितलं नाही. मला तसं वाटलंच नव्हतं, गो. लपवायला आधी ती गोष्ट आपली वाटावी लागते.

तर ऐक. तुझ्या मामाचं नाव बाबू. त्याला पोहता येत नव्हतं, देवबागात राहून, आणि त्यावरून सगळे त्याला चिडवायचे. आता वाटतं, त्याच्या अंगावर सारखे काळेनिळे डाग उठायचे, म्हणून आईच त्याला पाण्याकडे जाऊ देत नसेल. तो नकला छान करायचा. आमच्या बाबांची नक्कल करताना बाबांना सुद्धा हसू यायचं.

दाढ काढून आणली त्या रात्री तो कुणाला काही बोलला नाही. येणारं रक्त रात्रभर गिळत राहिला. सकाळी उलटी झाली तेव्हा आईला कळलं. तिने विचारलं, उठवलं का नाहीस? तर म्हणाला, "तू रडतलंस म्हणान." हे सगळ्यांनी ऐकलं, आणि सगळे गुरुदासाची खुर्ची मोडायला गेले.

गौरजा, तुझ्या बाळाला बोलता यायला लागलं की बाकी काही शिकवायच्या आधी एवढं शिकव. रक्त आलं की सांगायचं. आई रडली तरी सांगायचं.

मी पुढच्या आठवड्यात, शुक्रवारच्या गाडीने कुडाळहून निघते. सिद्धेश बरोबर आहे, त्याला तिथल्या डॉक्टरांना दाखवायचं आहे. तुझ्या खोलीचं दार उघडायचं की नाही ते तू ठरव. नाही उघडलंस तर मी तुझ्या सासूबाईंकडे बसेन, आमची दोघींची बरीच भांडणं राहिली आहेत.

तुझी आई